लेकरांना पार्कात न्यायचंय? आधी दाराच्या चौकटीवर उंची मोजा

आमच्या दर्यापूर तालुक्यातल्या गावात दरवर्षी उन्हाळा लागला की कुणी ना कुणी विचारतंच, "वहिनी, पोट्ट्यांना त्या मोठ्या पाळण्यांच्या पार्कात न्यायचं म्हणतो, कसं करा लागते?" मी आतापर्यंत तीनदा लेकरं घेऊन गेले आहे. पहिल्यांदा सगळं चुकलं, दुसऱ्यांदा अर्धं जमलं, तिसऱ्यांदा लेकरं हसत घरी आली. तिन्ही वेळचा हिशेब करून हे लिहिते आहे. ज्यांच्या घरात तीन ते आठ वर्षांचं लेकरू आहे आणि ज्यांनी पार्क फक्त मोबाइलवर पाहिलाय, त्यांच्यासाठी.

पहिल्यांदा काय झालं ते आधी सांगते. मे महिना, वॉटर पार्क, आम्ही सहा मोठे आणि चार लेकरं. पहाटे निघायचं ठरलेलं, गाडी निघाली साडेआठला. पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. दारातच कळलं की सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत. सासूबाई नऊवारीत, मी सुती पंजाबी ड्रेसमध्ये, जाऊ साडीत. भाड्याच्या कपड्यांच्या खिडकीपुढे पाऊण तास रांग, आणि मिळाला तो माझ्या मापाचा नव्हताच. शेवटी आम्ही तिघी बायका दिवसभर पिशव्या राखत बसलो. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा. मोठ्या घसरगुंडीपाशी रखवालदाराने त्याला मोजपट्टीला उभं केलं, दीर मागून "टाचा वर कर, टाचा वर कर" म्हणतोय, आणि त्या माणसाने शांतपणे त्याच्या डोक्यावर तळहात दाबून टाचा खाली आणल्या. चार बोटं कमी पडली. पोरगं असं रडलं की बस. तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून संध्याकाळी बंद होईपर्यंत थांबलो, आणि रात्री दोन लेकरांना ताप.

तर सुरुवात उंचीपासून.

उंची, वय नाही

घराच्या चौकटीला लेकराला अनवाणी उभं करा, टाचा भिंतीला टेकलेल्या, डोक्यावर वही आडवी धरा आणि पेन्सिलीने खूण करा. शिंप्याच्या टेपने सेंटीमीटरमध्ये मोजा. तीन फूट म्हणजे ९१ सेंटीमीटर, चार फूट म्हणजे १२२. साधारण तीन वर्षांचं लेकरू ९५ च्या आसपास, पाच वर्षांचं ११० च्या आसपास असतं, पण आपल्याकडे अंगाने बारीक लेकरं पुष्कळ, त्यामुळे वयावरून अंदाज बांधू नका.

उंचीला एवढं महत्त्व का, हे कळलं की रखवालदाराशी भांडावंसं वाटत नाही. वेगाच्या झुल्यात माणसाला धरून ठेवणारा जो दांडा मांडीवर किंवा खांद्यावर येतो, तो ठरावीक अंगाच्या माणसासाठी बनवलेला असतो. लेकरू बुटकं असेल तर दांडा आणि अंग यात फट राहते, आणि झुला वळला, उलटला की ते त्या फटीतून सरकू शकतं. बाप शेजारी बसून हात धरीन म्हणतो, पण त्या वेगात हात टिकत नाही. पाण्याच्या घसरगुंडीवरही तेच, शेवटच्या कुंडात पाय टेकायला हवेत.

बऱ्याच पार्कांत मुलांचं तिकीटही वयावर नाही, उंचीवर ठरतं. म्हणून पेन्सिलीची खूण झाली की पार्कच्या नंबरवर फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा: एवढ्या उंचीला तिकीट किती, एवढ्या उंचीच्या लेकराला कोणकोणते झुले चालतात, आणि मोठं माणूस सोबत बसलं तर कोणते चालतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं. कारण छोट्या रेल्वेत, कपबशांच्या गोल झुल्यात, लाकडी घोड्यांच्या चक्रात लेकरू एकटं बसत नसेल तर कुणीतरी मोठं सोबत हवं, आणि दोन लेकरांमागे एकच मोठं माणूस असेल तर दुसरं बाहेर रडत उभं राहतं.

उंची १०० च्या खाली असेल तर माझं स्पष्ट मत: लांबच्या मोठ्या पार्कात जाऊच नका. दोन वर्षं थांबा. तोवर जवळ पुष्कळ आहे.

जवळचं आधी

पार्कची रंगीत तालीम जत्रेत होते. आमच्याकडे चांदूर बाजार तालुक्यात बहिरमची यात्रा हिवाळ्यात चांगली महिनाभर भरते. लोक रोडगे आणि हंडीतलं मटण खायला जातात, आम्ही लेकरांना पाळण्यात बसवायला नेलं. भंडारा-गोंदियाकडे दिवाळीनंतरच्या मंडया असतात, चंद्रपूरला चैत्रात महाकालीची यात्रा. तिथे पाहून ठेवा की लेकराला उंचीची भीती वाटते की वेगाची, अंधाराची की आवाजाची. माझी मुलगी पाळण्यात खुशाल बसते, पण भोंग्याचा आवाज झाला की कानावर हात. मग पार्कात तिला अंधाऱ्या थिएटरात न्यायचं नाही, हे आधीच ठरलं. आणखी एक, पार्कात मोठ्या डोक्याच्या बाहुल्यांचे पोशाख घालून माणसं फिरतात. मोठ्यांना वाटतं लेकरू खूश होईल. तीन वर्षांच्या लेकराला ते भूत वाटतं. फोटोसाठी ढकलू नका.

दुसरी पायरी नागपूर. रमण विज्ञान केंद्र १९९२ साली सुरू झालं, गांधीसागर तलावाजवळ आहे, आणि पाच-सहा वर्षांच्या लेकरासाठी सोन्यासारखी जागा आहे. बटणं दाबायची, चाकं फिरवायची, कुणी रागवत नाही. गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयात २०२१ पासून गाडीत बसून वाघ, बिबट, अस्वल पाहायला मिळतात. महाराजबाग आहेच. पाण्यात खेळायचंच असेल तर नागपूर-अमरावती रस्त्यावर बाजारगावकडे फन अँड फूड व्हिलेज आहे. यातलं काहीही एका दिवसाचं. फक्त निघण्याआधी साप्ताहिक सुट्टीचा वार विचारून घ्या, नाहीतर बंद दारापुढे फोटो काढून यावं लागतं.

एका दिवसात दोन ठिकाणं करू नका. सकाळी विज्ञान केंद्र आणि दुपारून गोरेवाडा असा बेत आमच्या शेजाऱ्यांनी केला होता, तर वाघासमोर लेकरू घोरत होतं.

लांबचं ठरलंच असेल तर

विदर्भाच्या पश्चिमेकडच्या, म्हणजे अकोला, बुलढाणा, वाशीम, अमरावतीच्या लोकांना तीन रस्ते. एक, खोपोलीजवळचं इमॅजिका, रायगड जिल्ह्यात, २०१३ साली सुरू झालेलं. विदर्भ एक्स्प्रेस किंवा अमरावतीहून सुटणारी मुंबईची गाडी धरली तर पहाटे कल्याण येतं. मुंबईपर्यंत जाऊन परत फिरायचं कारण नाही, कल्याणलाच उतरून कर्जतमार्गे खोपोलीची लोकल मिळते. दोन, शिर्डी. तिथे वॉटर पार्क आहे, साईतीर्थ नावाचं भक्तीच्या विषयावरचं थीम पार्क आहे, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना "पार्कात चला" म्हटलं तर येत नाहीत, "साईबाबाला चला" म्हटलं तर पिशवी भरून तयार. तीन, मुंबईत गोराईचं वॉटर किंगडम, पण लहान लेकरं घेऊन मुंबईची दगदग मी तरी करणार नाही.

चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळच्या पांढरकवड्याकडच्या लोकांनी मुंबईचा विचारही करू नये. तुम्हाला हैदराबाद जवळ. तिथे वंडरला नावाचं झुल्यांचं पार्क आहे, २०१६ पासून, आणि १९९६ साली उघडलेली रामोजी फिल्म सिटी. फिल्म सिटी इतकी मोठी आहे की आत बसने फिरवतात, लेकरांचे पाय वाचतात. सप्टेंबर २०२४ पासून नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत चंद्रपूर आणि बल्हारशाला थांबते.

तिकिटाचं गणित नीट समजून घ्या. एसटीत पाच वर्षांखालचं लेकरू फुकट, ५ ते १२ अर्धं तिकीट, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं, आणि ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना फुकट. म्हणजे आमच्या दहा माणसांत पूर्ण तिकीट फक्त तिघा पुरुषांचं. रेल्वेत पाच वर्षांखालच्याला तिकीट नाही, पण जागाही नाही. ५ ते ११ वर्षांच्या लेकराला जागा नको म्हटलं तर अर्धं, जागा हवी तर पूर्ण. इथे पैसे वाचवू नका. सात वर्षांचं लेकरू आणि बाप एका बर्थवर रात्रभर आडवेतिडवे झोपले की सकाळी दोघंही चिडलेले, आणि तो दिवस म्हणजेच पार्कचा दिवस. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच काढा.

स्वतःच्या गाडीने समृद्धी महामार्गावरून जाणार असाल तर कारंजा लाडला किंवा धामणगावला चढता येतं. जून २०२५ पासून तो नागपूर ते मुंबईजवळपर्यंत ७०१ किलोमीटर पूर्ण सुरू आहे. रस्ता सरळ आणि एकसारखा, चालवणाऱ्याला डुलकी येते. उन्हाळ्यात काँक्रीट तापून टायर फुटतात, म्हणून निघण्याआधी टायर थंड असतानाच हवा तपासा. चहाची टपरी मनाला वाटेल तिथे मिळणार नाही. लेकराला "शू लागली का" हे विचारत बसू नका. पेट्रोल पंप आणि स्वच्छतागृह दिसलं की उतरवायचंच.

काहीही झालं तरी गाडीतून उतरून थेट पार्कात शिरू नका. आदल्या संध्याकाळी पोचा, जवळ साधी खोली घ्या, लेकरांना झोपू द्या.

केव्हा जायचं

इथे आपली पंचाईत असते. शहरातल्या लोकांना दिवाळीची सुट्टी म्हणजे सहल, आपल्याला दिवाळीत सोयाबीन खळ्यात पडलेलं असतं आणि कापूस फुटलेला. मे महिन्यात हाताला काम कमी, पण पारा ४४-४५ ला. आणि नेमकं तेव्हाच सगळा महाराष्ट्र पार्कात.

एक फट मात्र आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. २०२४ साली तिकडे १५ जूनला सुरू झाल्या, आपल्या १ जुलैला. त्या दिवसांत पुण्या-मुंबईची लेकरं वर्गात आणि आपली घरी, म्हणजे मधल्या वारी रांगा आखूड. पण तेव्हाच मृग येऊन गेलेला असतो आणि पेरणी तोंडावर असते, शिवाय कोकणातला पाऊस सुरू झाला तर उघड्यावरचे झुले थांबवतात. नोकरदारांना, दुकानदारांना ही फट बरी. शेतकऱ्याच्या घरी मी म्हणेन, जानेवारीचा शेवट. तूर निघालेली, हरभरा उभा, कापसाची शेवटची वेचणी कुणावर तरी सोपवता येते. शाळेला दोन दिवस दांडी पडते, ती गुरुजींना आधी सांगून मारा. थंडीत वॉटर पार्क नको, कोरडे झुले करा.

शनिवार-रविवार टाळा. गर्दी तर असतेच, बऱ्याच ठिकाणी तिकीटही जास्त असतं.

कपडे, विशेषतः बायकांचे

पाण्यात उतरायचं असेल तर नायलॉन किंवा लायक्राचेच कपडे चालतात. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, पायात अडकतं, त्याचे धागे सुटून पाणी गाळायच्या यंत्रात जातात, आणि बटणं, चेन, जरी यांनी घसरगुंडीला ओरखडे पडतात. साडी, ओढणी, पंजाबी ड्रेस नाही म्हणजे नाही. आपल्या बायकांचा दिवस इथेच वाया जातो, कारण कुणी आधी सांगत नाही. तालुक्याच्या बाजारात पूर्ण बाह्यांचा सिंथेटिक टी-शर्ट आणि गुडघ्याखालपर्यंतची जाड लेगिंग मिळते, दोन्ही मिळून भाड्याच्या कपड्याच्या भानगडीपेक्षा स्वस्त पडतं आणि पुढल्या वर्षीही येतं. अंग झाकलेलं राहतं म्हणून सासूबाईंचीही हरकत नसते. आमच्या सासूबाई दुसऱ्या खेपेला धाकट्या जावेचा टी-शर्ट घालून घोट्याएवढ्या पाण्यात बसल्या. पहिली दहा मिनिटं पदर शोधत होत्या, मग नातवाच्या अंगावर पाणी उडवायला लागल्या आणि जेवायला उठेनात.

मंगळसूत्र, जोडवी, पैंजण घरी नाहीतर लॉकरमध्ये. लॉकरला अनामत घेतात, पावती जपा. लंगोटातल्या लेकराला पाण्यासाठी वेगळा डायपर मिळतो, साधा डायपर पाण्यात फुगून बसतो. आणि सगळ्यांना रबरी चपला, कारण दुपारच्या फरश्यांवर पाय भाजतात.

पाण्यापाशी

हे हसण्यावारी नेऊ नका. विहिरीत, धरणात पोहलेली आपली माणसं गुडघाभर पाण्याला पाणी म्हणत नाहीत. पण दोन-तीन वर्षांचं लेकरू फूटभर पाण्यातही बुडतं, आणि बुडताना ओरडत नाही, आवाजच येत नाही. म्हणून प्रत्येक छोट्या लेकरामागे एक मोठं माणूस, हात पुढे केला की लेकरू लागेल एवढ्या अंतरावर, आणि त्याच्या हातात मोबाइल नाही. अर्ध्या तासाने पाळी बदला, पण "आता तू बघ" असं तोंडाने सांगून. सगळे बघताहेत असं वाटतं तेव्हा कुणीच बघत नसतं. हवेची रबरी रिंग म्हणजे खेळणं, ती उलटली की लेकरू डोक्यावर. अंगाला बांधायचं जॅकेट मागा. लाटांच्या तलावात लेकराला काठावरच ठेवा, भोंगा वाजला की तिथे मोठ्यांची झुंबड उडते.

पार्कातला दिवस

दार उघडायच्या अर्धा तास आधी उभे राहा. आत शिरताच सगळे पहिल्याच झुल्याला चिकटतात, तुम्ही आधी स्वच्छतागृह आणि प्रथमोपचाराची खोली पाहून ठेवा, मग सरळ आतल्या टोकाला जा. तिथे पहिला तासभर रांगा नसतात. लेकराच्या आवडीचा झुला पहिला, "शेवटी बसू" असं ठेवाल तर तो बंद पडेल किंवा लेकरू झोपेल.

जेवण साडेअकराला. एकला उपाहारगृहात बसायला जागा नसते. बाहेरचं अन्न बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत, लहान लेकरांचं खाणं बहुधा चालतं, तेही फोनवर विचारून घ्या. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीत ठेवतो. सकाळी खोलीवर पोटभर खाऊन निघायचं, संध्याकाळी बाहेर आल्यावर पुन्हा तीच शिदोरी. खाल्ल्यावर तासभर गोल फिरणारे झुले नकोत, सगळं बाहेर येतं. पाणी दर अर्ध्या तासाने पाजा, मागायची वाट पाहू नका. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घोळायची, एक लिटरची पूर्ण पुडी ग्लासभर पाण्यात टाकली तर उलट अपाय होतो.

एक ते तीन सावलीत. हे माझं सगळ्यात मोठं शिकणं. सतरंजी टाका, लेकरू झोपलं तर झोपू द्या. त्या दोन तासांत मोठ्यांनी पाळीपाळीने आपले मोठे झुले करून घ्यावेत. पोटुशी बाई असेल तर तिने वेगाच्या झुल्यात अजिबात बसू नये, पार्कवाले विचारतात, खरं सांगा.

माझा मुलगा तिसऱ्या खेपेला १०८ सेंटीमीटर होता, बरेच झुले चालले असते. पण तो छोट्या रेल्वेत पाच वेळा बसला, आणि मग बागेतल्या नळातून पाणी कसं उडतं ते पाहत बसला. दीर म्हणाले, "एवढे पैसे भरले अन् हा नळ पाहून राह्यला." मी म्हटलं, "पाहू द्या ना भाऊजी." एवढं एकच मोठ्यांना जमलं पाहिजे. वसुलीचा हिशेब दारात ठेवायचा.

हरवू नये म्हणून

सकाळीच प्रत्येक लेकराचा त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढा. सगळ्यांना एकाच भडक रंगाचे टी-शर्ट, आमचे पोपटी होते. दंडावर बॉलपेनने मोबाइल नंबर लिहा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा, पाण्यातही तासन्‌तास टिकतो. महिनाभर आधीपासून बापाचं पूर्ण नाव, गाव, तालुका आणि नंबर कवितेसारखा पाठ करून घ्या. "पप्पा" एवढंच नाव सांगणारं लेकरू ध्वनिक्षेपकावर काही कामाचं नाही. हरवलं तर जिथे आहे तिथेच उभं राहायचं आणि गणवेशातल्या माणसाला किंवा लेकरं घेऊन आलेल्या बाईला सांगायचं, हेही शिकवा. १०९८ ही बालकांची मदतवाहिनी आणि ११२ हा पोलिसांचा नंबर मोबाइलमध्ये ठेवा. आत मोबाइलला रेंज नसली तर भेटायची जागा ठरलेली असावी, मोठं घड्याळ किंवा कारंजं.

निघताना

बाहेर पडायच्या वाटेवरच खेळण्यांचं दुकान असतं, ते तिथे मुद्दामच असतं. आदल्या रात्रीच प्रत्येक लेकराच्या हातात ठरावीक रक्कम द्या आणि सांगा की दुकानात एवढंच. माझ्या मुलीने दोनदा आत-बाहेर करून शेवटी काहीच घेतलं नाही आणि त्या पैशांचा परतीच्या गाडीत शेगावला कचोरीचा आग्रह धरला. ओले कपडे वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, कोरडा एक जोड प्रत्येकाचा हाताशी. आणि परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढलं असेल तर स्टेशनवर दोन तास आधी पोचा, कारण शेवटचं लेकरू नेहमी खांद्यावरच आणावं लागतं आणि जिन्यावर तेच सगळ्यात जड असतं.